मेगापिक्सेल नको, माईक हवा!

सध्या आपल्या कॉलेजात दोनच प्रश्न पेटलेले आहेत. एक, मेसच्या डाळीत डाळ कुठे असते? आणि दुसरा, माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने दिलेल्या दोन लाखांत कॅमेरा कोणता घ्यायचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणालाच सापडलेलं नाही, म्हणून मी दुसऱ्यावर लिहायचं ठरवलं.

देणगीच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय : 'फिल्म क्लब व स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणासाठी'. चित्रीकरण म्हणजे व्हिडिओ, बरोबर? पण गेल्या महिनाभरात कॅन्टीनमध्ये, बॉईज हॉस्टेलच्या कट्ट्यावर, अगदी स्टाफरूममध्येही जी चर्चा चालू आहे ती फोटोच्या कॅमेऱ्याची. "फुल फ्रेमच पाहिजे." "४५ मेगापिक्सेलच्या खाली बघूच नका." एका सरांनी तर "एकदाच घ्यायचा, सगळ्यात भारी घ्यायचा" असा निकालच देऊन टाकला. सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वेगळं म्हणायचं आहे. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठीत एवढं सलग लिहायची वेळ दहावीनंतर आत्ता येतेय. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघावं, कॅमेऱ्याचं मी बघते!)

आधी ते मेगापिक्सेलचं भूत उतरवू. ४के व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०. कॅल्क्युलेटर काढा. ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके, म्हणजे साधारण ८.३ मेगापिक्सेल. बस्स. सेन्सर २४ चा असो की ४५ चा, ४के व्हिडिओत शेवटी एवढंच उरतं. सोनीने २०२० मध्ये ए७एस थ्री आणला तो १२ मेगापिक्सेलचा, आणि तो घेणारे बहुतेक लोक व्हिडिओवरच पोट भरणारे होते. ते काय वेडे होते का? उलट जास्त मेगापिक्सेलचा तोटाच होऊ शकतो. सेन्सरवरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचल्या जातात. ओळी जास्त, तर वाचायला वेळ जास्त (खूप महागडे सेन्सर सोडून द्या, ते आपल्या दोन लाखांत येत नाहीत). तेवढ्या वेळात समोरची वस्तू हलली की ती चित्रात वाकडी येते. गॅदरिंगला लेझीमचं पथक शूट केलंत तर सरळ लेझीम रबराची दिसेल, असा हा प्रकार आहे.

मिररलेस म्हणजे काय हे आता बहुतेकांना माहीत आहे, तरी एफ.ई. वाल्यांसाठी दोन ओळी. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो, व्हिडिओ चालू केला की तो उचलूनच ठेवावा लागतो आणि डोळ्याला लावायची खिडकी आंधळी होते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, सेन्सर जे बघतो तेच तुम्ही बघता. असा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकचा जी१, २००८ चा. त्यात व्हिडिओच नव्हता! पुढच्याच वर्षी आलेला जीएच१ मात्र व्हिडिओ डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. गंमत म्हणजे २००८ मध्येच कॅननच्या ५डी मार्क टू ने डीएसएलआरमध्ये फुल एचडी दिलं, पण ४ जीबीची फाईल भरली की सुमारे १२ मिनिटांत काम बंद. तेव्हापासून आजपर्यंत या सगळ्या कॅमेऱ्यांत दोन जाती राहिल्या आहेत. फोटो काढणारा, ज्याला व्हिडिओही येतो. आणि व्हिडिओसाठीच केलेला, ज्याला फोटोही येतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसतातही सारखे. फरक कळतो तो कामाच्या वेळी.

कसा कळतो, ते सांगते. गेल्या वर्षीची आपली एकांकिका आठवतेय ना? ४२ मिनिटांची होती. कॉलेजच्या जुन्या डीएसएलआरने मागच्या रांगेतून शूट केली. २९ मिनिटं ५९ सेकंद झाले आणि कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग थांबवलं. बिघडला वगैरे काही नाही, त्याचा नियमच तसा. अर्ध्या तासाहून जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात 'व्हिडिओ कॅमेरा' धरला जायचा आणि त्यावर जास्त आयात शुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी जगभरच्या फोटो कॅमेऱ्यांत ही वेसण घातली. म्हणजे युरोपच्या जकात खात्याने आपल्या एकांकिकेचा शेवट कापला! हसू नका. ती बॅच आता पास आऊट झाली. त्यात मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाची आई अंबडजवळच्या गावात असते, तिला प्रयोगाला येता आलं नव्हतं. त्याने घरी जाऊन लॅपटॉपवर दाखवली. अर्ध्यात थांबल्यावर तिने विचारलं, "मग पुढं काय झालं त्या पोराचं?" तेव्हा याने उरलेली बारा मिनिटं स्वयंपाकघरात उभं राहून, सगळ्यांचे डायलॉग एकट्याने म्हणत, तिला करून दाखवली म्हणे. तिला बिचारीला तेही आवडलं असेल. पण आपल्या कॉलेजकडे त्या नाटकाचा शेवट नाही, आणि आता कधीच असणार नाही.

म्हणून माझी पहिली अट : सलग रेकॉर्डिंगवर अर्ध्या तासाचं बंधन नको. व्हिडिओसाठी केलेल्या कॅमेऱ्यांत ते नसतं. पॅनासॉनिकच्या २०१७ च्या जीएच५ मध्येही नव्हतं, आणि आता तर बऱ्याच कॅमेऱ्यांतून ते गेलंय. पण कोटेशन मागवताना हा रकानाच नसेल तर दुकानदार आपणहून सांगणार आहे का?

दुसरी अट आवाजाची, आणि लेखाचं नाव त्यावरूनच दिलंय. मित्र-मैत्रिणींनो, चित्र थोडं अंधारं असलं तर माणूस बघतो, पण आवाज ऐकू आला नाही तर दोन मिनिटांत उठतो. आपल्या आजवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात स्पष्ट काय ऐकू येतं? मागच्या रांगेतल्या शिट्ट्या! कारण कॅमेरा तिथे, कॅमेऱ्याचा माईक तिथे. त्यात भौतिकशास्त्रही आहेच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून २० मीटरवर बसलात तर तो ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ आणि शब्द यांत जवळपास दीड फ्रेमचं अंतर. शिवाय हॉलचा घुमारा वेगळा. उपाय एकच, माईक बोलणाऱ्याजवळ न्या. स्टेजवर छोटा रेकॉर्डर ठेवा, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्या, मुलाखतीला कॉलरचा माईक लावा. यासाठी कॅमेऱ्याला माईकचं भोक तर हवंच, पण हेडफोनचंही हवं. रेकॉर्ड होताना काय जातंय ते ऐकायलाच नको का? स्वस्त मॉडेलमध्ये नेमकं तेच गाळतात. कॅननच्या आर५० ला हेडफोन जॅक नाही. २०२५ मध्ये त्याच घराण्यातला आर५० व्ही व्हिडिओसाठी म्हणून काढला, त्याला दिलाय.

कुणी म्हणेल ही सगळी वरची तोंडीलावणी, मुख्य भाकरी म्हणजे कॅमेरा. पण आपल्याच महाराष्ट्रात ज्याने सिनेमा सुरू केला त्याने असा विचार केला नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेतला. पण नुसता कॅमेरा नाही. तेव्हा फिल्म कोरी यायची, तिच्या कडांना भोकं आपण पाडायची, म्हणून भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. ते काम घरी सरस्वतीबाई करायच्या. आणि पैसे लावणाऱ्याला पटावं म्हणून फाळक्यांनी आधी काय दाखवलं? रोज थोडं थोडं चित्रीकरण करून कुंडीतल्या वाटाण्याचं वाढणारं रोप! १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्याच्यानंतरचा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गोष्ट तर इंजिनिअरिंगच्या पोरांनी फ्रेम करून लावावी अशी. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी प्रोजेक्टर उघडून त्याचं तंत्र शिकून घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा घरच्या घरी तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. ज्याला काय काढायचंय ते पक्कं ठाऊक असतं, त्याला कॅमेऱ्यातलं काय लागतं आणि काय लागत नाही तेही कळतं. आपल्याकडे उलटं चाललंय. आधी मॉडेल नंबर ठरतोय, काय शूट करायचं ते नंतर बघू!

यावर फिल्म क्लबचे लोक २०२३ च्या 'द क्रिएटर'चं उदाहरण देतात. हॉलिवूडचा एवढा मोठा सिनेमा सोनीच्या एफएक्स३ वर शूट झाला, मग आपण तोच घेऊ. खरं आहे, झाला. पण त्या कॅमेऱ्याच्या पुढे-मागे जे होतं, लेन्स, लाईट, माणसं, त्यातलं आपल्याकडे काय आहे? ड्रॉइंग हॉलची ट्यूबलाईट.

ट्यूबलाईटवरून आठवलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा अमेरिकन पद्धतीच्या ३० फ्रेमवर आणि शटर १/६० वर ठेवलं की चित्रात पट्टे सरकायला लागतात. २५ फ्रेम, शटर १/५०. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे समजावून सांगायची गरज पडू नये, पण गेल्या वर्षीच्या टेक-फेस्टच्या व्हिडिओतले पट्टे इलेक्ट्रिकलच्याच सेमिनार हॉलमधले आहेत. असो.

आता मुद्दा उन्हाचा. आपलं संभाजीनगर (माझी आजी अजून औरंगाबादच म्हणते, २०२३ मध्ये नाव बदलल्याचं तिला दर सुट्टीत नव्याने सांगावं लागतं) एप्रिल-मे मध्ये चाळिशी पार करतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापरायचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. म्हणजे मे महिन्यात दुपारी पाणचक्कीच्या अंगणात उभं राहिलं की आपण मॅन्युअलच्या बाहेर! व्हिडिओ चालू असताना सेन्सर आणि प्रोसेसर सतत काम करतात, तापतात, आणि एका मर्यादेनंतर कॅमेरा स्वतःला बंद करतो. २०२० मध्ये कॅननचा आर५ आला तेव्हा ८के रेकॉर्डिंग २० मिनिटं चालेल असं कंपनीनेच सांगितलं होतं, तेही २३ अंशांत. २३ अंश आपल्याकडे कधी असतात? डिसेंबरात. पुढे २०२२ मध्ये त्याच कॅमेऱ्याला पंखा बसवून आर५ सी काढला. सोनीचा एफएक्स३०, पॅनासॉनिकचे एस५ टू, जीएच६, जीएच७ या सगळ्यांत पंखा आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, शंभर पानी जाहिरातीपेक्षा हा एक छोटा पंखा जास्त खरं बोलतो : हा कॅमेरा व्हिडिओसाठी केलाय.

मग पंखेवालाच घ्यावा ना? इथे मात्र माझी पंचाईत होते. मनापासून विचाराल तर मला एफएक्स३० आवडतो. २०२२ चा, १० बिट ४:२:२ रेकॉर्डिंग, बॉडीतच स्टॅबिलायझेशन, दोन कार्ड, मोठं एचडीएमआय (छोटं मायक्रो एचडीएमआय किती नाजूक असतं ते प्रोजेक्टरच्या वायरी ओढणाऱ्यांना विचारा). पण माझ्या हिशेबाने लेन्ससकट आपले दोन लाख तिथेच संपतात, आणि मग पुन्हा शिट्ट्याच ऐकायच्या. सेकंडहँड बघावं तर परचेस कमिटीला तीन कोटेशन आणि जीएसटीचं पक्कं बिल लागतं. तो रस्ता बंद. (जाता जाता, डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कुणी २८ लावून कोटेशन दिलं तर परत पाठवा.)

म्हणून माझं मत असं, की निम्म्याहून जास्त रक्कम बॉडी आणि लेन्सवर घालवायची नाही. सोनीचा झेडव्ही-ई१० टू (२०२४) किंवा कॅननचा आर५० व्ही, या वर्गातला एक घ्यावा. दोन्ही व्हिडिओसाठी केलेले, दोन्हींत १० बिट रेकॉर्डिंग, माईक आणि हेडफोन दोन्ही. मी सोनीकडे झुकते, कारण शहरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बऱ्याच जणांकडे सोनीच्या लेन्स आहेत आणि एखाद्या दिवसासाठी त्या भाड्याने मिळतात. दोन्हींच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, पंखा नाही. म्हणून उरलेल्या पैशातून सगळ्यात आधी चांगला ट्रायपॉड, ज्याचं डोकं व्हिडिओसाठी मऊ फिरतं असा. मग रेकॉर्डर, दोन कॉलर माईक, दोन जादा बॅटऱ्या, कार्ड, आणि एक हार्ड डिस्क.

हार्ड डिस्क कशाला असं कुणी विचारलंच, म्हणून हिशेब. १०० मेगाबिटने ४के शूट केलं तर मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. दोन दिवसांच्या गॅदरिंगचे दहा तास धरा, ४५० जीबी झाले. शिवाय १० बिट ४:२:२ ची फाईल हॉस्टेलमधल्या जुन्या लॅपटॉपवर उघडली की चित्र अडखळत चालतं, कारण ती उलगडायची सोय जुन्या प्रोसेसरमध्ये नसते. म्हणून अख्खी नाटकं, भाषणं, सेमिनार खुशाल फुल एचडीत शूट करावेत. निम्मी जागा, आणि कॅमेराही कमी तापतो. गॅदरिंग तसंही जानेवारी-फेब्रुवारीत असतं. ४के आणि १० बिट ठेवा शॉर्ट फिल्मसाठी. ८ बिटमध्ये रंगांच्या १ कोटी ६७ लाख छटा, १० बिटमध्ये १०७ कोटी. संध्याकाळचं आकाश नंतर संगणकावर थोडं गडद करायला गेलात की हा फरक डोळ्यांना दिसतो, एच.ओ.डी. सरांच्या भाषणात दिसत नाही.

उरला आक्षेप फोटोचा. "कॉलेजला फोटोही लागतात, प्लेसमेंटचे, पाहुण्यांचे." हा आक्षेप खरा आहे, टाळण्यासारखा नाही. झेडव्ही-ई१० टू ला मेकॅनिकल शटर नाही, त्यामुळे फ्लॅश लावून सत्काराचे फोटो काढायला तो घेऊ नये. पण त्या कामासाठी आपला जुना डीएसएलआर अजून ठणठणीत आहे की! त्याला त्याचं काम करू द्या. आणि "फोनवर होतं सगळं" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, की भर उजेडात आणि चार फुटांवरून फोन खरंच छान शूट करतो. मागच्या रांगेतून, स्टेजच्या निळ्या उजेडात, ४२ मिनिटं सलग, मध्ये घरून फोन न येता... बघा करून.

एक ठिकाण असंही आहे, जिथे माझी निवड उघडी पडते. अजिंठा. लेण्यांत फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि आत उजेड जेमतेम. तिथे अंधारात बघणारा मोठा सेन्सर आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन दोन्ही हवं. सिव्हिलच्या मुलांना नहर-ए-अंबरीवर जी डॉक्युमेंटरी करायची आहे तिचंही तसंच, भूमिगत पाण्याचे बोगदे आणि वर मे महिना. त्या दोन-तीन दिवसांसाठी भारी कॅमेरा भाड्याने आणावा आणि उरलेलं शूटिंग सकाळी दहाच्या आत उरकावं. पण जुन्या शहरातली जी म्हातारी माणसं नहरीबद्दल आणि घरातल्या हौदांबद्दल सांगतात, त्यांच्या मुलाखतीला ना ८के लागत ना पंखा. त्यांच्या कॉलरला माईक लागतो. त्यांची दखनी नीट ऐकू यायला हवी, नाहीतर डॉक्युमेंटरी कसली?

शेवटचा मुद्दा खर्चाचा नाही, कुलपाचा आहे. जुना डीएसएलआर ऑफिसच्या कपाटात असतो. तो मिळवायला तीन सह्या लागतात आणि साडेपाचला कपाट बंद होतं. गर्ल्स हॉस्टेलच्या मुलींना तर तो रात्रीसाठी मिळतच नाही, कारण 'जबाबदारी कोणाची?' नव्या कॅमेऱ्याचं असं व्हायचं नसेल तर कोटेशनबरोबर नियमही ठरवा. लायब्ररीसारखं रजिस्टर, आय-कार्ड जमा, तीन दिवसांची मुदत, दोन्ही हॉस्टेलना सारखा नियम, आणि परत करताना बॅटरी चार्ज केलेली. विमा काढता आला तर उत्तमच. परचेस कमिटीत विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी असतात, त्यातली एक जागा सध्या रिकामी आहे. माझा अर्ज मी कालच दिलाय.

— टी.ई. (ई अँड टीसी), गर्ल्स हॉस्टेल